जिभेखालची दोरी : सुइणीच्या नखापासून लेसरपर्यंत

छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली आणि गुळाच्या व्यापारामुळे तिचे नाव सर्वदूर झाले. गुळाचे सौदे पुढे मार्केट यार्डात गेले. आज शाहूपुरीत दुकानांच्या जोडीने दवाखान्यांचे फलकही पुष्कळ दिसतात. 'लेसर' हा शब्द आता अशा फलकांवर नवा राहिलेला नाही. डोळे, दात, मूळव्याध यांप्रमाणेच लहान मुलांची, क्वचित मोठ्यांचीही, 'चिकटलेली जीभ सोडविण्यासाठी' लेसर वापरला जातो. ही जीभ चिकटते म्हणजे काय होते आणि ती सोडविण्याचा खटाटोप माणूस केव्हापासून करीत आला आहे, हे या लेखात पाहू.

त्यासाठी प्रथम 'गूळ' हाच शब्द सावकाश उच्चारून पाहावा. 'ग'साठी जिभेचा मागचा भाग उचलला जातो, टोक खालीच राहते. 'ऊ'साठी ओठ गोल होतात. 'ळ'साठी मात्र जिभेचे टोक वर उचलून, किंचित मागे वळून टाळूला टेकावे लागते. आता आरशासमोर जीभ वर उचलली तर तिच्या खाली मधोमध एक पातळ पडदी दिसते. तिलाच आपल्याकडे जिभेखालची तार किंवा दोरी म्हणतात. गर्भावस्थेत जीभ तोंडाच्या तळापासून सुटी होत जाते आणि मधला थोडा भाग या पडदीच्या रूपाने उरतो. ती प्रत्येकालाच असते. काहींमध्ये ती आखूड, जाड किंवा अगदी टोकापर्यंत आलेली असते. मग जीभ बाहेर काढली की टोकाला खाच पडून बदामाचा आकार दिसतो. डॉक्टर याला 'टंग-टाय' म्हणतात.

ही पडदी कापणे दिसायला इतके सोपे आहे की ती कापावी की नाही, हा प्रश्न मागे पडत आला. या विषयाचा सारा इतिहास या एका वाक्यात येतो असे आम्हाला वाटते.

सुश्रुतसंहितेत जिभेचे पाच विकार सांगितले आहेत. त्यांतील 'अलास' या विकारात जिभेखाली सूज येऊन जीभ ताठरते. कोणी याचाच संबंध टंग-टायशी जोडू पाहील, पण वर्णन सुजेचे आहे, जन्मजात पडदीचे नव्हे. ओढाताण करून मेळ घालण्यात अर्थ नाही. स्पष्ट वर्णन सापडते ते पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याच्या वैद्यकग्रंथात. जिभेचे टोक चिमट्याने धरावे, खालची पडदी कापावी, बाजूच्या रक्तवाहिन्यांना धक्का लागू देऊ नये, असे तो सांगतो. बहुतेकांना पुढे बोलता येते, असेही म्हणतो. मात्र जीभ दातांच्या बरीच पुढे येऊ लागली तरी बोलणे काही आले नाही, असा एक रोगी आपल्याला ठाऊक असल्याचे तो नोंदवितो. उपचाराबरोबर त्याचे अपयशही लिहून ठेवणाऱ्या या लेखकाचे आम्हाला कौतुक वाटते. जीभ हलणे आणि बोलता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका नोंदीत आले आहे.

ही नोंद पुढे पुष्कळांच्या नजरेआड झाली. युरोपात सुइणी नवजात बालकाची पडदी नखाने तोडीत. पादुआ येथील फॅब्रिशियस (विल्यम हार्वेचे हे गुरू, शिरांतील झडपांचे वर्णन त्यांनी केले) यांनी सरसकट पडदी तोडण्याच्या या चालीवर टीका केली होती. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात झां-लुई पेती या फ्रेंच शल्यविशारदाने यातील धोका दाखवून दिला. जखमेतून रक्त वाहत असते आणि बाळ ते दुधासारखे चोखून गिळत राहते, त्यामुळे बाहेर काही दिसत नाही. काही बालके अशी दगावली. शल्यक्रियेच्या पेटीत खोबण असलेली एक सळई असते. तिच्या चपट्या टोकाला मधोमध चीर असते. त्या चिरेत पडदी अडकवून जीभ वर उचलायची, म्हणजे कात्री नेमकी जागी लागते. ही वस्तू इतकी रूढ झाली की या चिरेचे मूळ काम काय, हे ठाऊक नसतानाही कित्येक वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ती हाताळली असेल.

१८४१ मध्ये या समजुतीने टोक गाठले. बर्लिनचे नामांकित शल्यविशारद डिफेनबाख यांनी तोतरेपणावर उपाय म्हणून जिभेच्या मुळाशी आडवा छेद घेऊन स्नायूच कापण्यास सुरुवात केली. इथरची भूल १८४६ ची, म्हणजे हे सारे रोगी शुद्धीवर असताना चालले होते. पॅरिस आणि लंडन येथील शल्यविशारदांनी लगेच अनुकरण केले. आरंभी रोगी बरे झाल्याच्या वार्ता आल्या. काही दिवसांनी तोतरेपणा परत आला, काहींचे प्राण गेले आणि ही लाट लवकरच ओसरली. तोतरेपणात अडखळतो तो बोलण्याचा ओघ. त्याचे मूळ जिभेखालच्या पडदीत नाही, हे आज निश्चितपणे सांगता येते. तरीही 'तोतरा बोलतो, जीभ कापून आणा' हा सल्ला अजून ऐकू येतो!

विसाव्या शतकात लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९४१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत वाणीदोष असलेल्या १००० रुग्णांपैकी फक्त चौघांची पडदी आखूड आढळली. बाटलीने दूध पाजण्याची पद्धत तिकडे वाढली होती. बाटलीचे बूच चोखायला जिभेची तेवढी हालचाल लागत नाही, त्यामुळे टंग-टाय फारशी कुणाला जाणवेनाशी झाली. मातेच्या दुधाचे महत्त्व पुन्हा पटू लागल्यावर प्रश्नही परत आला. स्तनपानात बाळाची जीभ खालच्या हिरडीवरून पुढे यावी लागते. ती आली नाही तर पकड सुटते, आईला वेदना होतात, बाळ उपाशी राहते. या वेळेपर्यंत वैद्यांच्या हाती एक नवे हत्यार आले होते, आणि त्याची कथा आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे.

चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीला झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि पुढे बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. मेमन यांनी १९६० मध्ये माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर चालविला होता. पटेल यांनी १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड वायूपासून लेसर सिद्ध केला. त्यातील युक्ती वर्गात सांगण्याजोगी आहे. विजेच्या प्रवाहाने नायट्रोजनचे रेणू कंप पावू लागतात. त्यांच्या कंपनाची ऊर्जा कार्बन डायऑक्साइडच्या एका ऊर्जापातळीशी जवळजवळ जुळते. त्यामुळे टक्कर होताच ती ऊर्जा सहज हवाली होते आणि पुढे प्रकाशरूपाने बाहेर पडते. या प्रकाशाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे तांबड्या प्रकाशाच्या सुमारे पंधरापट. डोळ्यांना तो दिसत नाही, पण पाणी त्याला अधाशासारखे शोषून घेते.

जिभेखालची त्वचा बहुतांशी पाणीच आहे. त्यामुळे हा किरण पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरातच अडतो, पेशींतील पाण्याची वाफ होते आणि ऊतक कापले जाते. उष्णतेने बारीक रक्तवाहिन्यांची तोंडे मिटतात, म्हणून रक्त कमी येते. १९७२ च्या सुमारास बोस्टनमध्ये जॅको आणि स्ट्राँग यांनी स्वरयंत्रावरील शल्यक्रियांत हा लेसर आणला. तेथून तो तोंडातही आला. दंतवैद्यांकडे डायोड लेसरही असतात. त्यांची तरंगलांबी सुमारे १ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असते. पाणी त्यांना फारसे शोषत नाही. त्यामुळे तेथे पुष्कळदा कापते ते काजळी धरून तापलेले तंतूचे टोक. दोन्ही यंत्रांना 'लेसर' म्हटले तरी कापण्याची रीत वेगळी आहे.

लेसर वापरताना रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही विशिष्ट चष्मे लागतात. पडदीच्या दोन्ही बाजूंना लाळेच्या नलिकांची तोंडे असतात, त्यांना इजा होऊ नये यासाठी हात स्थिर लागतो. कात्रीपेक्षा लेसरने अंतिम परिणाम अधिक चांगला येतो, हे अजून सिद्ध झालेले नाही. रक्त कमी येते एवढे खरे.

म्हणजे कापण्याचे साधन सुधारत गेले. कोणाचे कापावे हा प्रश्न उरलाच. १९९३ मध्ये अ‍ॅलिसन हेझलबेकर यांनी जिभेचे रूप आणि तिचे काम यांना वेगवेगळे गुण देण्याची पद्धत मांडली, हे मोठे पाऊल होते. १९९९ मध्ये कॉटलो या दंतवैद्यांनी जिभेचे टोकापासून पडदीपर्यंतचे मोकळे अंतर मोजले : १६ मिलिमीटरहून अधिक ते स्वाभाविक, ३ हून कमी ते तीव्र. ब्रिस्टलमध्ये २०१५ साली चारच प्रश्नांची सोपी चाचणी तयार झाली. टोक कसे दिसते, पडदी कोठे जोडली आहे, रडताना जीभ किती उचलते आणि किती बाहेर येते, एवढेच त्यात पाहतात. २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या निकी मिल्स आणि सहकाऱ्यांनी विच्छेदन करून दाखविले की, ही मुळात दोरीच नव्हे. तोंडाच्या तळावर पसरलेल्या आवरणाला जीभ उचलताना पडणारी ती घडी आहे. ताणलेल्या पदराला मध्ये धरून उचलले की उभी कड दिसावी, तसे. शेकडो वर्षे चाललेल्या 'दोरी' या कल्पनेलाच त्यामुळे धक्का बसला.

बालकांवरील पाच चाचण्यांचा, एकूण ३०२ बालकांचा, एकत्रित आढावा २०१७ मध्ये निघाला. पडदी सोडविल्याने आईच्या वेदना थोड्या काळापुरत्या कमी होतात, पण बाळाच्या दूध पिण्यावर सातत्याने चांगला परिणाम दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये संयमाचाच सल्ला दिला : आधी पाजण्याची रीत तपासा, बाकीच्या अडचणी शोधा. मोठ्या माणसांत प्रश्न वेगळा असतो. त्यांच्या बोलण्याच्या सवयी पक्क्या झालेल्या असतात. जिभेवर भूल देऊन पडदी काही मिनिटांत सोडविता येते, पण नंतर जिभेचे व्यायाम आणि वाचा-उपचार केले नाहीत तर उच्चार जुनेच राहतात. सेल्ससचा तो रोगी येथे पुन्हा भेटतो.

शिक्षकांच्या हाती मात्र एक उत्तम साधन आधीपासूनच आहे, ते म्हणजे आपली वर्णमाला. प्राचीन ध्वनिशास्त्रज्ञांनी ती उच्चारस्थानानुसार लावली आहे. कवर्ग जिभेच्या मागच्या भागाचा, पवर्ग ओठांचा. टंग-टायमुळे हे वर्ग बिघडण्याचे कारण नाही. एखादे मूल 'काका'ला 'ताता' म्हणत असेल तर पडदीकडे बोट दाखविता येणार नाही. त अवघड असता तर गोष्ट वेगळी, पण येथे ते मूल टोकानेच काम भागवीत आहे! टोक उचलावे लागते ते टवर्ग, र, ल आणि ळ यांसाठी. त्यांतही र सगळ्याच मुलांना उशिरा येतो, आणि पडदी आखूड असलेली पुष्कळ मुले आपली वाट शोधून स्पष्ट बोलतात. जीभ वरच्या दातांमागे पोचते का, ओठांवरून फिरते का, हे पाहावे. मुळात त्या मुलाला ऐकू नीट येते का, हे त्याही आधी पाहावे. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला 'बोबडा' ठरवून वर्षे घालविणे हे कुठल्याही पडदीपेक्षा अधिक नुकसान करते. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांतील तपासणीच्या यादीत श्रवणदोष आणि भाषाविलंब या दोन्हींचा समावेश आहे. पथक शाळेत आले की अशा मुलाचे नाव आवर्जून सांगावे. कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे थोरला दवाखाना, आहेच.

आणखी एक गोष्ट. खेड्यातून आलेले मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणते, वऱ्हाड-खानदेशातले 'काळा'ला 'काया' म्हणते. हिंदी भाषकांच्या नित्याच्या बोलण्यात तर ळ येतच नाही. या सगळ्यांच्या जिभा पूर्ण मोकळ्या आहेत. हेच मूल घरी, खेळताना, 'टणटण' किंवा 'ठोकळा' असा एखादा शब्द सहज म्हणून जाते का, याकडे कान दिला की बोली कोणती आणि दोष कोणता, हे बहुधा तेथेच कळते.