दोन हातांमधलं अंतर

डोळे मिटा आणि हात कोटाच्या खिशात घाला. डोळे उघडाल तेव्हा डिसेंबर १९६२ असेल. समोर मिशिगन सरोवर आहे, पण समुद्रच वाटेल. पलीकडचा काठ दिसतच नाही. त्या पाण्यावरून आलेला वारा कानाच्या पाळ्या कापतोय. तुम्ही शिकागोच्या उत्तर टोकाला, रॉजर्स पार्क भागात आहात. हे लोयोला विद्यापीठाचं, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या विद्यापीठाचं आवार. इथे फार वेळ उभं राहवणार नाही. ते अ‍ॅलम्नाय जिम दिसतंय ना, त्यात शिरा.

आत ऊब आहे. लाकडी कोर्टवर चेंडूचा धपधप आवाज, बुटांच्या रबरी तळव्यांची चरचर, मधूनच शिट्टी. भिंतीला टेकून उभे राहा, वाटेत येऊ नका, कारण ही पोरं थांबत नाहीत. प्रशिक्षक जॉर्ज आयर्लंड यांनी त्यांच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली आहे: पळा. समोरच्याने चेंडू आत टाकला रे टाकला, की त्याला कोर्टभर घेरा, चेंडू हिसकावा आणि सुटा. आजच्या सवयीने तुमची नजर तीन गुणांची रेष शोधेल. ती नाही. चेंडू किती वेळात टाकायचा हे मोजणारं घड्याळही नाही. ज्याच्या हाती चेंडू, त्याने तो हवा तितका वेळ धरून बसावं. अशा काळात हा संघ एका सामन्यात सरासरी ९०हून जास्त गुण करतोय. देशात दुसरं कुठलंही कॉलेज इतके करत नाही.

आता चेहरे ओळखून घ्या. तो डावखुरा, सडपातळ मुलगा म्हणजे कर्णधार जेरी हार्कनेस, न्यूयॉर्कचा. हार्लेमच्या वायएमसीएत जॅकी रॉबिन्सनने त्याचा खेळ पाहून पाठ थोपटली, तेव्हा कुठे कॉलेजचा विचार त्याच्या मनात शिरला. रॉबिन्सन म्हणजे १९४७ साली मेजर लीग बेसबॉलमधली गोऱ्यांची भिंत फोडणारा खेळाडू. रॉन मिलरही न्यूयॉर्कचा. बास्केटखाली उंच उड्या घेणारे ते दोघे, लेस हंटर आणि व्हिक राऊझ, टेनेसीतल्या नॅशव्हिलचे, एकाच शाळेतले. आणि चेंडू खेळवणारा जॉन इगन इथलाच, शिकागोचा.

हार्कनेस, मिलर, हंटर, राऊझ हे चौघे कृष्णवर्णीय आहेत आणि इगन गोरा. या जिममध्ये ते कुणाच्या लक्षातही येत नाही. बाहेर मात्र कॉलेज बास्केटबॉलमध्ये एक अलिखित नियम आहे: कोर्टवर एका वेळी दोन, फार तर तीनच काळे खेळाडू उतरवायचे. आयर्लंड पहिल्या मिनिटाला चार उतरवतात. याच डिसेंबरात ओक्लाहोमा सिटीत, वायोमिंगविरुद्ध इगनच्या जागी पाब्लो रॉबर्टसन येतो आणि कोर्टवर लोयोलाचे पाचही जण काळे असतात. कुणी घोषणा करत नाही, कुणी थांबत नाही. खेळ चालू राहतो.

या संघासोबत प्रवास करा, म्हणजे तो नियम किती पक्का आहे ते कळेल. गेल्याच मोसमात न्यू ऑर्लीन्सला गोऱ्या खेळाडूंचा मुक्काम एकीकडे आणि काळ्यांचा दुसरीकडे होता. या मोसमात ह्यूस्टनला गॅलरीतून शिव्यांचा मारा होतो. त्यातच सत्र संपताना रॉबर्टसन आणि बिली स्मिथ अभ्यासाच्या अटींत न बसल्याने संघाबाहेर जातात. आता भार सगळा त्या पाचांवर. आयर्लंड त्यांना बाहेर काढतच नाहीत. सामना सुरू होतो ते पाच आणि संपतो तेही तेच पाच. बोलिंग ग्रीन आणि विचिटा यांच्याकडून हार, बाकी २४ विजय, एवढी शिदोरी घेऊन ते राष्ट्रीय स्पर्धेत येतात आणि ११ मार्च १९६३ला टेनेसी टेकला १११-४२ असं हरवतात. स्पर्धेच्या इतिहासात आजवर इतक्या मोठ्या फरकाने कुणी जिंकलेलं नाही.

पण हार्कनेसच्या खोलीकडे वळा. पुढचा सामना मिसिसिपी स्टेटशी आहे आणि टपालातून पत्रं येत आहेत. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या नावाची, शिव्यांनी भरलेली. एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा ते पाकीट फोडतो तेव्हा तुम्ही दारात उभे आहात आणि त्याला सांगण्यासारखं तुमच्याजवळ काहीच नाही.

आता दक्षिणेला चला. १३ मार्चची रात्र, मिसिसिपीतलं स्टार्कव्हिल. इथे हवा मऊ आहे, पण जपून चाला. दारं दोन आहेत, पाण्याचे नळ दोन आहेत, बसायच्या जागा दोन आहेत. तुमच्या गव्हाळ कातडीने कुठल्या दारातून जायचं? हा प्रश्न पडून पाय थबकले, की या राज्यातल्या प्रत्येक काळ्या माणसाचा रोजचा दिवस तुम्हाला क्षणभर कळतो. सहाच महिन्यांपूर्वी जेम्स मेरेडिथ या काळ्या विद्यार्थ्याने शेजारच्या ऑक्सफर्डमध्ये विद्यापीठात पाऊल टाकलं, तेव्हा दंगलीत दोन माणसं मेली.

स्टार्कव्हिलच्या मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा संघ सगळा गोरा आणि खरोखर चांगला. १९५९, १९६१, १९६२, तीनदा विभागीय विजेता झाला आणि तीनदा राष्ट्रीय स्पर्धेला न जाता घरी बसला, कारण तिथे काळ्या खेळाडूंशी खेळावं लागेल. तसा कायदा कुठेच लिहिलेला नाही. लिहिण्याची कुणाला गरजच वाटली नव्हती. यंदा चौथ्यांदा विजेतेपद आलं, तेव्हा कुलगुरू डीन कोलव्हर्ड यांनी ठरवलं, पोरं जातील. गव्हर्नर रॉस बार्नेट खवळले. आज रात्री एका राज्य सिनेटरने कोर्टाचा मनाईहुकूम मिळवलाय. तो बजावला गेला की सगळं संपलं.

म्हणून हुकूम हाती पडायच्या आत माणसं निसटतात. कोलव्हर्ड अलाबामातल्या बर्मिंगहॅमला निघून जातात. प्रशिक्षक बेब मॅकार्थी राज्याची हद्द ओलांडून नॅशव्हिल गाठतात. सकाळी विमानतळावर आधी राखीव पोरांना पाठवलं जातं, शेरीफ दबा धरून बसलाय का ते बघायला. कुणी नाही. मग खरे खेळाडू येतात आणि विमान उडतं. नॅशव्हिलला मॅकार्थी त्यांना भेटतात. हंटर आणि राऊझ यांचं हे गाव. तीन वर्षांपूर्वी इथल्याच काळ्या विद्यार्थ्यांनी दुकानांतल्या खानावळींत गोऱ्यांच्या बाकांवर शांतपणे बसून मार खाल्ला होता, पण जागा सोडली नव्हती.

१५ मार्च, मिशिगनमधलं ईस्ट लॅन्सिंग. जेनिसन फील्डहाउस बारा हजार माणसांनी भरलंय. कोर्टच्या मधल्या वर्तुळाजवळ सरका. एका बाजूने हार्कनेस येतो, दुसऱ्या बाजूने मिसिसिपीचा कर्णधार जो डॅन गोल्ड. हात पुढे होतात आणि त्याच क्षणी फ्लॅशबल्बचा एवढा लखलखाट होतो की तुम्ही डोळे मिटता. हार्कनेसलाही आत्ताच, त्या उजेडात उमगतं, की हा फक्त सामना नाही.

हस्तांदोलनाचा एवढा गाजावाजा कशाला, असं आपण मराठी माणसांनी तरी विचारू नये. पुण्यात हिंदूंच्या क्रिकेट संघासाठी बळी घेणाऱ्या दलित गोलंदाज बाळू पालवणकरांना चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यात मिळायचा. त्यांच्या हातून सुटलेला चेंडू सगळ्यांना चालायचा, हात चालायचा नाही. स्पर्शाची किंमत आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही.

खेळ सुरू होतो. मिसिसिपी पहिल्यांदा ७-० अशी पुढे जाते. चेंडू संथ खेळवत ती लोयोलाला पळूच देत नाही. पण राऊझ एकामागून एक रिबाउंड काढतो, हार्कनेस २० गुण करतो आणि लोयोला ६१-५१ जिंकते. तुम्ही ज्याची धास्ती घेऊन आलात ते काहीच घडत नाही. धक्के लागतात, पडलेल्याला हात देऊन उठवलं जातं. सगळं राज्य ज्याला भीत होतं ती गोष्ट चाळीस मिनिटांच्या चांगल्या बास्केटबॉलएवढी साधी निघते.

म्हणून लगेच जग बदललं असं समजू नका. ज्या बर्मिंगहॅममध्ये कोलव्हर्ड जाऊन राहिले, तिथेच मे महिन्यात निदर्शनं करणाऱ्या मुलांवर पोलिसांनी कुत्रे आणि पाण्याचे झोत सोडले. मिसिसिपी स्टेटमध्ये पहिला काळा विद्यार्थी यायला १९६५ उजाडावं लागलं. गोल्ड आणि त्याच्या मित्रांनी एका आठवड्याचा धोका पत्करला, हार्कनेस आणि त्याचे मित्र अख्खा मोसम तो अंगावर घेऊन खेळले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवायच्या आहेत.

२३ मार्च, केंटकीतलं लुईव्हिल, फ्रीडम हॉल. अंतिम सामना सिनसिनाटीशी. सलग दोनदा विजेता, देशातला सगळ्यात चिवट बचाव. दोन्ही संघांचे मिळून सुरुवातीचे दहा खेळाडू, त्यांतले सात काळे. लोयोलाचे नेम लागतच नाहीत. हार्कनेसच्या नावावर पूर्वार्धात एकही बास्केट नाही. उत्तरार्धात ४५-३० असा फरक झाला, की सिनसिनाटी चेंडू धरून बसायला लागते. घड्याळ त्यांच्या बाजूने आहे. तरीही ती पाच पोरं घेरत राहतात, हिसकावत राहतात, एकेक गुण खणून काढतात. १२ सेकंद उरले असताना सिनसिनाटीची फ्री थ्रो हुकते, हंटर रिबाउंड घेतो, मिलर, हार्कनेस, बास्केट! ५४-५४.

जादा वेळ. ५८-५८. लोयोला शेवटच्या संधीसाठी चेंडू राखते. हार्कनेस घुसतो, चेंडू हातून निसटतोय असं वाटत असतानाच हंटरला पास. हंटरचा नेम रिंगवर आपटून बाहेर येतो. आणि तिथे त्याच्याच शाळेचा राऊझ हवेत असतो. चेंडू हातात, चेंडू आत. ६०-५८. पाचांपैकी एकालाही आज एका सेकंदाची विश्रांती मिळालेली नाही.

परतताना एकच थांबा. साल २०११, हेच केंटकी राज्य. जो डॅन गोल्ड गेलाय आणि सत्तरी ओलांडलेला हार्कनेस अंत्यविधीला आलाय. शवपेटीजवळ घरच्यांनी एक फोटो ठेवलाय. तुम्ही तो लगेच ओळखता, कारण तो लखलखाट झाला तेव्हा तुम्ही चार पावलांवर होता. आयुष्यभरात गोल्ड यांनी कितीतरी सामने खेळले असतील, जिंकलेही असतील. घरच्यांनी ठेवायला निवडला तो हरलेल्या सामन्याचा फोटो.

हार्कनेस त्याच्याकडे बघत उभा राहतो. तुमचा हात अजून खिशातच आहे. तो आता बाहेर काढा.