अम्लराज
अम्लराज : एक भाग संहत नायट्रिक अम्ल व तीन भाग संहत हायड्रोक्लोरिक अम्ल (घनफळाने) यांचे पिवळसर नारिंगी, धूमायमान मिश्रण. धातूंचा राजा मानलेले सोने यात विरघळते, म्हणून त्यास हे नाव पडले.

इ. स. १३०० च्या सुमारास गेबर या नावाने प्रसिद्ध झालेल्या लॅटिन ग्रंथांत हिराकस, सोरा व तुरटी यांच्या ऊर्ध्वपातनाने नायट्रिक अम्ल मिळविण्याची कृती आढळते. हे अम्ल चांदी विरघळविते, परंतु सोन्यावर त्याचा परिणाम होत नाही. त्यामुळे या दोन धातू अलग करण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला. त्यात नवसागर घातल्यास मात्र सोनेही विरघळते, असे किमयागारांना आढळून आले. कारण अर्थातच त्यांना ज्ञात नव्हते.

हेन्‍री कॅव्हेंडिश यांनी १७६६ मध्ये जस्त, लोखंड व कथिल यांवर विरल अम्लांची विक्रिया करून ‘ज्वालाग्राही वायू’ गोळा केला. हा वायू (हायड्रोजन) धातूतून बाहेर पडतो, असे त्यांचे मत होते. वस्तुतः तो अम्लातील हायड्रोजन आयनांपासून बनतो : धातूचा अणू आपली इलेक्ट्रॉने या आयनांना देतो व स्वतः आयनरूपाने विद्रावात जातो. तांबे व चांदी हायड्रोजन आयनांना इलेक्ट्रॉने देत नाहीत, पण नायट्रिक अम्लातील नायट्रेट आयन ती काढून घेऊ शकतो. सोन्यापुढे तोही अपुरा पडतो. सोन्याचे आयन अत्यल्प प्रमाणातच बनतात. अम्लराजातील क्लोराइड आयन त्या आयनांना बांधून त्यांपासून स्थिर जटिल आयन बनवितात. त्यामुळे मोकळे आयन शिल्लक राहत नाहीत आणि विक्रिया पुढे चालू राहते. म्हणजेच केवळ अम्लाची तीव्रता पुरेशी नसते. इलेक्ट्रॉने घेणारा व आयन बांधणारा असे दोन्ही घटक एकत्र यावे लागतात.

या विक्रियेचा एक संस्मरणीय उपयोग कोपनहेगन येथील नील्स बोर यांच्या संस्थेत झाला. माक्स फोन लौए (१९१४) व जेम्स फ्रांक (१९२५) या जर्मन भौतिकीविज्ञांची नोबेल सुवर्णपदके तेथे सुरक्षिततेसाठी ठेवलेली होती. नाझी राजवटीत देशाबाहेर सोने पाठविणे हा गंभीर गुन्हा होता आणि पदकांवर मालकांची नावे कोरलेली असल्याने लौए यांच्या जीवास धोका होता. एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्य डेन्मार्कमध्ये शिरले, तेव्हा गेऑर्क हेव्हेशी यांनी पदके पुरण्याची सूचना केली. ती उकरून काढली जातील, या शंकेने बोर यांनी ती नाकारली. तेव्हा हेव्हेशींनी पदके अम्लराजात विरघळविली. सैन्य शहराच्या रस्त्यांवरून जात असतानाच हे काम चालू होते.

१९४३ मध्ये हेव्हेशी स्वीडनला निघून गेले. त्याच वर्षी डिसेंबरात जर्मनांनी संस्था ताब्यात घेतली. तथापि तो विद्राव युद्धानंतर जसाच्या तसा सापडला. विद्रावातील सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉने परत मिळाली, की सोने पुन्हा धातुरूपात अवक्षेपित होते. अम्लनिर्मितीस लागणाऱ्या हिराकशीनेही हे क्षपण घडविता येते. कोपनहेगनच्या विद्रावातून परत मिळविलेले सोने १९५० मध्ये स्टॉकहोमला पाठविण्यात आले. त्यापासून पदके नव्याने पाडण्यात आली व १९५२ मध्ये फ्रांक यांना त्यांचे पदक पुन्हा प्रदान करण्यात आले. विरघळलेला धातू नष्ट होत नाही, केवळ रूप बदलतो, हे तत्त्व त्यातून प्रत्ययास आले.