रातंजनकर आणि गवई-प्राध्यापकाचा पेशा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हिंदुस्थानी संगीतात मैफल, तालीम आणि बंदिशरचना ही तिन्ही कामे बहुधा एकाच घरात चालत. गवई दरबारात गाई, मुलाला किंवा गंडाबंध शिष्याला शिकवी आणि सुचेल तेव्हा चीज बांधी. शास्त्रचर्चा मात्र बहुतेक पंडितांच्या पोथीतच राहिली होती. संशोधन हे गाणाऱ्याचे नेहमीचे काम ठरले ते संगीताची विद्यालये आणि त्यांचे अभ्यासक्रम आल्यावर. या नव्या पेशाचा ठळक नमुना म्हणजे श्रीकृष्ण नारायण तथा अण्णासाहेब रातंजनकर.

त्यांचा जन्म 31 डिसेंबर 1899 रोजी मुंबईत झाला. वडील पोलीस खात्यात होते आणि संगीताचे शौकीन होते. कारवारचे कृष्णम् भट आणि नंतर अनंत मनोहर जोशी यांच्याकडे आरंभीचे शिक्षण झाल्यावर 1911 च्या सुमारास मुलगा विष्णु नारायण भातखंडे यांच्या हाती आला. भातखंडे पेशाने वकील. 1909 मध्ये त्यांनी ‘चतुर’ या नावाने ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ प्रसिद्ध केले होते आणि ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’चे मराठी ग्रंथ ते त्या काळात लिहीत होते. मैफलीचे गाणे त्यांनी स्वतः केले नाही. ती उणीव त्यांना चांगलीच ठाऊक असावी, कारण शिष्याला त्यांनी घडत्या वयातच बडोद्याला फैयाज खाँ यांच्याकडे धाडले. 1917 पासून जवळजवळ पाच वर्षे, बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, आग्रा घराण्याची नोमतोम, बोलबनाव आणि लयकारीची तालीम चालली. पुढे 1926 मध्ये विल्सन कॉलेजातून रातंजनकर बी.ए. झाले. उस्तादाची तालीम आणि विद्यापीठाची पदवी एकाच माणसाकडे असणे त्या काळी दुर्मीळच होते.

त्याच वर्षी लखनौच्या कैसरबागेत मॅरिस कॉलेज सुरू झाले. तिथल्या गव्हर्नरचे नाव त्याला दिले होते. योजना भातखंड्यांची होती. रातंजनकर तिथे अध्यापक म्हणून गेले आणि 1928 मध्ये प्राचार्य झाले. पुढची जवळजवळ तीन दशके त्यांची कारकीर्द या एका संस्थेभोवतीच फिरली.

वर्गात शिकवायला आधी लिहिलेले गाणे लागते. भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब आणि तारेला वर टिंब येते. समेला फुली आणि खालीला शून्य. वीस-पंचवीस मुलांना एकाच वेळी एकच चीज शिकवायची तर ही सोय मोलाची होती. मात्र दोन स्वरांमधली मींड, आंदोलनाचे वजन आणि बोल टाकण्याची जागा कागदावर उतरत नाही. यावर रातंजनकरांनी काढलेला मार्ग जुनाच होता. दिवसा कॉलेज आणि एरवी घरी निवडक शिष्यांना तालीम. बैलहोंगलचे कृष्णराव गिंडे 1936 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी लखनौला आले आणि गुरूच्या घरीच राहिले. घराण्याच्या तालमीला पर्याय म्हणून निघालेली संस्था तिचे उत्तम गायक पुन्हा घरच्या तालमीतूनच घडवत होती. या विसंगतीबद्दल टीकाकारांनी विद्यालयांना बोल लावला, पण तिच्यामुळेच लखनौचे काम टिकले असे म्हणावे लागते.

रचनाकार रातंजनकर बऱ्याच अंशी या वर्गाच्या गरजेतून घडले. अभ्यासक्रमात राग पुष्कळ, पण अनवट रागांत हाताशी चिजा मोजक्याच. त्यांनी ‘सुजान’ या मुद्रेने ख्याल, ध्रुपद, धमार, तराणे आणि लक्षणगीते अशा शेकडो रचना बांधल्या. त्या ‘अभिनव गीतमंजरी’च्या तीन भागांत आहेत. लक्षणगीत हा प्रकार तर वर्गासाठीच सोयीचा: थाट, वादी-संवादी, वर्ज्य स्वर ही सारी माहिती गीताच्या शब्दांतच असते आणि विद्यार्थी चीज पाठ करता करता राग पाठ करतो. बंदिशकार म्हणून त्यांची खरी झेप मात्र याच्या पलीकडे गेली. मार्गबिहाग, केदारबहार आणि सावनीकेदार हे राग त्यांच्या नावावर आहेत. कर्नाटक संगीताकडे त्यांनी गंभीरपणे पाहिले. सालगवराळी हा राग तिकडून आला, आणि वर्णमच्या धर्तीवर हिंदुस्थानी रागांतही त्यांनी रचना केल्या. राग कसा बनतो याचा शास्त्राभ्यास नसता तर हे काम साधले नसते.

या व्यापात मैफल मागे पडली. जाणकार त्यांना गवयांचा गवई मानत, तरी त्यांच्या गुरूइतका, म्हणजे फैयाज खाँ यांच्याइतका, आम श्रोता त्यांना कधी लाभला नाही. 1952 नंतर माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीने कलावंतांची चाचणी सुरू केली, तेव्हा त्या मंडळाचे प्रमुखपद रातंजनकरांकडे आले. मुरलेल्या गवयांना शास्त्राचे प्रश्न विचारले जाणार म्हणून मोठा विरोध झाला. प्राध्यापकाने गवयाची परीक्षा घ्यावी का, हा प्रश्न त्यानिमित्ताने उघडपणे पुढे आला.

1957 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरुपदही त्यांनी सांभाळले. 14 फेब्रुवारी 1974 रोजी त्यांचे निधन झाले. तोवर शिष्यांनी हाच पेशा ठिकठिकाणी नेला होता: चिदानंद नगरकर आणि नंतर दिनकर कैकिणी मुंबईच्या भारतीय विद्या भवनात, गिंडे आणि एस. सी. आर. भट वल्लभ संगीतालयात, सुमती मुटाटकर दिल्ली विद्यापीठात. लखनौच्या कॉलेजाला पुढे भातखंड्यांचे नाव मिळाले.