पाचर: फोडणारी की बसवणारी?

हुपरीत ठोकाठोकीचं कुणाला नवल नाही. हातकणंगले तालुक्यातली ही चांदीनगरी. इथं गल्लोगल्ली पैंजणं घडतात. यंदा वळवाच्या पावसात परसातली बाभूळ आडवी झाली आणि आमच्या घरी लाकडाची ठोकाठोक सुरू झाली. ओली आहे तोवरच फोडायला हवी होती. बाभूळ एकदा वाळली की दगड होते, कुऱ्हाड नुसती वर उडते.

बाजारात गेलो. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याच्या पोलादाच्या कुऱ्हाडी लोहारानं मांडल्या होत्या. पातळ पात्याची तोडायला चांगली, पण ओल्या ओंडक्यात ती रुतून बसते. फोडायला जाड गालांचीच हवी, म्हणजे पातं शिरता शिरता लाकूड दोन्हीकडं सारतं. दांडा धावड्याचा घेतला. बैलगाडीचा आससुद्धा याच लाकडाचा करत, इतकं ते चिवट. मग पाचर मागितली, तर लोहार म्हणाला, “पाचर इकत कुठं मिळती व्हय? सुताराकडनं तासून घ्या की. खैराची सांगा.”

‘खैराची’ ऐकलं आणि मी जागीच थांबलो. पंधरा दिवसांपूर्वी संस्कृत पंचतंत्र चाळताना हाच खैर भेटला होता. खुंटी उपटणाऱ्या वानराची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. देवळाचं काम चाललेलं, सुतार जेवायला गेलेले, अर्धवट चिरफळलेला ओंडका पडलेला आणि त्याच्या फटीत एक कीलक. वानर तो उपटतो आणि फटीत सापडून मरतो. मूळ संस्कृतात हा कीलक नुसता खुंटा नाही, ‘खदिरकीलक’ आहे. खदिर म्हणजे खैर. गोष्टीला लाकडाची जात सांगायची काही गरज नव्हती, तरी सांगणाऱ्यानं ती सांगितली. सुतारकाम जवळून पाहिलेल्या माणसाचीच ही नजर असणार, असं मी ठामपणे म्हणतो. लोखंडी पाचर ओल्या लाकडातून निसटून मागं उडते. लाकडी पाचर घट्ट धरून राहते आणि चुकून कुऱ्हाड तिच्यावर बसली तरी धार जात नाही. तिला घाव सोसायचे असतात, म्हणून खैर. पुढं ही गोष्ट पहलवीतून अरबीत गेली. आठव्या शतकातल्या ‘कलिला व दिम्ना’मधला सुतार ओंडक्यावर बसून हातभर लाकूड फाकलं की तिथं एक खुंटी ठोकतो. आजही हीच रीत आहे: पहिल्या पाचरीनं फट उघडायची, पुढची सरकवून ठोकायची, की मागची आपोआप मोकळी होते.

पण पंचतंत्रात शब्द आहे ‘कील’. मग आपली ‘पाचर’ आली कुठून? कुऱ्हाडीचं तसं सरळ आहे: कुठार, प्राकृतात कुहाड, मग कुऱ्हाड. परशूची फरशी झाली, हेही सर्वांना ठाऊक. पाचरीचं मात्र भांडण आहे.

एक मत असं की मूळ शब्द ‘फाचर’. गुजरातीत तो आहे, मराठीतही ऐकू येतो. फाडणे, फाळणे, फाक यांच्या घरातला, म्हणून फाडते ती फाचर. ऐकायला हे गोड वाटतं. पण मराठीत शब्दारंभीचा ‘फ’ मऊ होऊन ‘प’ झाल्याची उदाहरणं शोधावी लागतात. उलट ‘प’चा ‘फ’ झालेली सहज सापडतात. पनसाचा फणस झाला, परशूची फरशी झाली. बाराव्या शतकातल्या हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात या बदलासाठी एक सूत्रच लिहिलं. त्यात परुष, परिघ, पनस यांच्या आधी, अगदी पहिला शब्द आहे ‘पाटि’. पाटि म्हणजे संस्कृत ‘पाटयति’, चिरणे. त्याचंच प्राकृत ‘फाडेइ’ आणि आपलं ‘फाडणे’! म्हणजे ज्या ‘फाडणे’च्या जोरावर फाचरीला मूळ ठरवायचं, त्या ‘फाडणे’चाच ‘फ’ मागाहून आलेला. माझ्या मते फाचरही तशीच मागाहूनची: जुनी पाचर, ‘फाडणे’च्या शेजारानं फुललेली.

मग पाचरीचं घर कोणतं? मी हुपरीचा आहे, म्हणून मला पहिल्यांदा ‘पच्ची’ आठवली. खडा कोंदणात असा दाबून बसवायचा की नख फिरलं तरी अडकू नये, ते पच्चीकाम. हिंदीत पाचरीला ‘पच्चर’ म्हणतात. पच्ची, पच्चर, पाचर हे मला एकाच कुळातले वाटतात: फटीत दाबून घट्ट बसवलेली वस्तू. फोडणं हे तिचं दुसरं काम.

कुणी म्हणेल, नुसतं ध्वनिसाम्य. मी वाक्प्रचार पुढं ठेवतो. ‘त्यानं मधेच पाचर मारली’ म्हणजे दोघांत फूट पाडली, असा अर्थ कुणी घेत नाही. चाललेलं काम त्यानं अडवलं, हलणारी गोष्ट जाम केली, हाच अर्थ. ‘मेख मारणे’चाही तोच, आणि ही फारसीतून आलेली मेख तर निव्वळ ठोकून बसवण्याचीच वस्तू. पाचर मुळात फोडणारी असती, तर वाक्प्रचारात फूट दिसली असती. उरतो प्रश्न ‘पच्ची’च्याही मागच्या पिढीचा. तिथं माझी वाट संपते, पण एवढ्यासाठी मी हे नातं सोडणार नाही.

सुतारानं खैराच्या दोन पाचरी तासून दिल्या, प्रत्येकी वीतभर, टोकाला बोटाएवढ्या जाड. अगदी धारदार टोक चुरगळतं म्हणून ते बोथट ठेवलं. ओंडक्याच्या तोंडाशी वाळताना पडलेली बारीक चीर होती, तिथंच कुऱ्हाड घातली, पाचर टेकवली आणि लाकडी हातोड्यानं ठोकत गेलो. लोखंडी घणानं पाचरीचं डोकं फुलतं, तो हातात घेऊ नये. चौथ्या घावाला आतून करकर आवाज आला. फटीत ओले धागे एका कडेकडून दुसऱ्या कडेला ताणलेले दिसत होते. ते कुऱ्हाडीनं छाटले, दुसरी पाचर पुढं सरकवली आणि पहिली हातानंच निघून आली.

तिसऱ्या ओंडक्याला कुऱ्हाडीचा दांडा खिळखिळा झाला. सुतारानं पाचरी तासताना पडलेली खैराची एक चपटी ढलपी मी खिशात टाकली होती. दांड्याच्या माथ्याला चीर देऊन ती ठोकली, वर उरलेलं टोक छाटलं आणि बोट फिरवून पाहिलं. दांडा, लोखंड आणि खैर एका पातळीत आले होते. पच्ची झाली होती.