प्रतीक्षेचीं अठरा वर्षें

ऑगस्ट २०२३ मध्यें लंडनच्या हॅकनी भागांतील एका स्थानिक वृत्तपत्रांत कांचा दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाची लहानशी जाहिरात प्रसिद्ध झाली. असें दुकान मुळीं अस्तित्वांतच नव्हतें. परंतु मजकुरांत कांहीं जुन्या गाण्यांचीं नांवें खुबीनें गुंफलेलीं होतीं, आणि दुकानाच्या स्थापनेचें साल १९६२ असें दिलें होतें. जाणत्यांनीं काय तें ओळखलें. रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाची नवी ध्वनिमुद्रिका येणार! एवढ्याशा खुणेनें सहस्रावधि रसिकांच्या मनांत खळबळ उडावी, इतकी त्यांची उत्कंठा कशामुळें ताणली गेली होती, हें आज आपणांस सांगावें असा माझा विचार आहे.

या कथेचा आरंभ एका रेल्वे स्टेशनवर होतो. १९६१ च्या ऑक्टोबरांत डार्टफर्ड स्टेशनवर मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स या बालपणींच्या दोन ओळखीच्या तरुणांची पुन्हा गांठ पडली. जॅगरच्या हातांत चक बेरी आणि मडी वॉटर्स या अमेरिकेंतील कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्या होत्या. त्या तबकड्यांनींच दोघांची मैत्री जुळविली. पुढें ब्रायन जोन्स त्यांना मिळाला. मडी वॉटर्सच्याच एका गाण्यावरून वाद्यवृंदाला नांव देण्यांत आलें, आणि ता. १२ जुलै १९६२ रोजीं लंडनच्या मार्की क्लबांत त्याचा पहिला जलसा झाला. १९६३ च्या आरंभीं चार्ली वॉट्स हा संयमी तालवादक येऊन मिळाला, तो अखेरपर्यंत.

या वाद्यवृंदाचा आपल्या देशाशींही संबंध आला. १९६६ सालच्या एका प्रख्यात गाण्यांत ब्रायन जोन्सनें सतार वाजविली. पुढें एप्रिल २००३ मध्यें ही मंडळी स्वतः भारतांत आली, आणि बंगळूरमागून मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांचा कार्यक्रम झाला. क्रिकेटच्या त्या मैदानानें त्या रात्रीं निराळाच जयघोष ऐकला.

तथापि २००५ सालच्या ध्वनिमुद्रिकेनंतर स्वतःच्या नव्या रचनांचा संपूर्ण संग्रह त्यांनीं काढलाच नाहीं. २०१६ मध्यें एक ध्वनिमुद्रिका निघाली खरी, परंतु तींत इतरांचीं जुनीं ब्लूज गाणीं होतीं. दौरे चालू होते, मैदानें भरत होतीं. मग रसिकांस आणखी काय हवें होतें, असा प्रश्न कोणी विचारील. जुनीं गाणीं ऐकण्यांत आनंद आहेच. परंतु कलावंत केवळ आपल्या पूर्वकीर्तीची राखण करूं लागला, कीं तो जिवंतपणींच स्वतःचें संग्रहालय बनतो. नवें गाणें चांगलें उतरेल कीं नाहीं, याची शाश्वती कोणीच देऊं शकत नाहीं. तरी तें रचण्याचें धाडस हेंच कला जिवंत असल्याचें लक्षण होय. रसिक त्या धाडसाची वाट पाहत होते.

त्या वाट पाहण्यांत भीतीही मिसळली होती. २०१९ मध्यें जॅगरच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली व दौरा पुढें ढकलावा लागला. ता. २४ ऑगस्ट २०२१ रोजीं चार्ली वॉट्स ऐंशीव्या वर्षीं निवर्तला. आतां नवें गाणें आलें, तरी तो ताल कोठून येणार, हा प्रश्न अनेकांच्या मनांत आला असेल.

ता. ६ सप्टेंबर २०२३ रोजीं हॅकनींतील एका जुन्या नाट्यगृहांत घोषणा झाली, आणि ता. २० ऑक्टोबरला 'हॅकनी डायमंड्स' प्रसिद्ध झाली. चोरांनीं फोडलेल्या मोटारीच्या कांचेचे रस्त्यावर पडलेले तुकडे, असा या शब्दांचा लंडनच्या बोलींतील अर्थ. दुकानाच्या जाहिरातीचें मर्म हेंच. बारा गाण्यांपैकीं दोहोंत वॉट्सनें पूर्वीं वाजवून ठेवलेला ताल आहे. त्यांतल्या एकांत, १९९३ मध्यें वाद्यवृंद सोडून गेलेला बिल वायमन पुन्हा साथीला बसला आहे. शेवटचें गाणें मात्र नवें नाहीं. ज्या गाण्यानें त्यांना नांव दिलें, तेंच मडी वॉटर्सचें गाणें आहे, आणि त्यांत जॅगर व रिचर्ड्स असे स्टेशनवर भेटलेले ते दोघेच आहेत.

ता. २८ एप्रिल २०२४ रोजीं अमेरिकेंतील ह्यूस्टन येथें दौऱ्यास प्रारंभ झाला. पन्नाशी उलटलेल्यांच्या हिताकरितां झटणारी एक अमेरिकन संस्था या दौऱ्याची पुरस्कर्ती होती, याचें कोणास हसूं येईल. परंतु व्यासपीठावरचा ऐंशी वर्षांचा जॅगर त्याच गाण्यांबरोबर नवींही गात होता. वॉट्सच्या जागीं स्टीव्ह जॉर्डन बसला होता. आजारपणांत वॉट्सनेंच त्याला आपली जागा दिली होती.

श्रोतेहो, अठरा वर्षें वाट पाहणाऱ्यांस आपलें तारुण्य परत मिळालें, असें मी म्हणणार नाहीं. तें कोणासही मिळत नसतें. मात्र आपल्याबरोबर वृद्ध झालेला कलावंत अद्याप कांहीं नवें सांगूं पाहतो, हें त्यांना कळलें. एवढ्यासाठीं अठरा वर्षें वाट पाहणें फार झालें, असें मला तरी वाटत नाहीं.