एका बाजूचा पत्रव्यवहार

अमेरिकेतील यादवी युद्ध म्हटले की लिंकन आठवतो, गुलामांची मुक्तता आठवते. मुंबईकराला मात्र आठवतो तो कापूस. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, तिकडचा कापूस अडकला आणि इकडे मुंबईत पैशाचा पाऊस पडला. 1865 साली तो ओसरला नि भलेभले धुळीला मिळाले. ही कथा आपल्या परिचयाची. मला अधिक ओढ आहे ती त्याच आरमारातील एका साध्या आगवाल्याच्या संसाराची.

त्याचे नाव जॉर्ज गियर. ऐन पंचविशीतला. न्यूयॉर्कला बायको मार्था, पदरी कच्चीबच्ची, डोक्यावर देणे आणि हाताला काम नाही! देशभक्तीपेक्षा या ओढाताणीनेच त्याला 1862 च्या फेब्रुवारीत ‘मॉनिटर’ या नव्या लोखंडी युद्धनौकेवर चढवले. पगार महिना 30 डॉलर. 9 मार्चला हॅम्पटन रोड्स येथे ‘मॉनिटर’ची दक्षिणेच्या ‘व्हर्जिनिया’शी झुंज झाली. चिलखती बोटी समोरासमोर तोफा डागताहेत, हे जगाने प्रथमच पाहिले. इतिहासकार तेथे रमतात. जॉर्ज दुसऱ्याच दिवशी मार्थाला पत्र लिहायला बसला.

पुढची पत्रे जेवणाची, पैशाची, उन्हाळ्यात भट्टी होऊन जाणाऱ्या त्या लोखंडी पोटाची. पण पत्र पोचणे म्हणजे सोपे काम नव्हे. खलाशाला तिकीट न लावता पत्र टाकण्याची सवलत होती. तिचा अर्थ इतकाच, की 3 सेंट घेणाऱ्याने भरायचे. म्हणजे नवऱ्याची खुशाली मार्थाने विकत घ्यायची! उत्तर पाठवायचे तर पुन्हा तिकीट तिचेच. घरपोच फुकट वाटप 1863 च्या जुलैत सुरू झाले, तेही मोठ्या शहरांत. तोवर टपालकचेरीत खेटे घालावेत, नाही तर पत्र आणून देणाऱ्याला वेगळे पैसे द्यावेत. 1862 च्या उन्हाळ्यात तर चिल्लरच बाजारातून नाहीशी झाली आणि लोक तिकिटेच नाणी म्हणून वापरू लागले. मनीऑर्डर आली ती 1864 च्या नोव्हेंबरात. कोकणातल्या ज्या घरांनी चाकरमान्याच्या मनीऑर्डरीची वाट पाहिली आहे, त्यांना मार्थाची अवस्था समजावून सांगायला नको.

जॉर्जची पत्रे जपली गेली. 2000 साली त्यांचे पुस्तकही निघाले. मार्थाचे बोलणे मात्र आपण त्याच्या उत्तरांतून ताडायचे, जसे भिंतीपलीकडचे भांडण ऐकावे तसे. मला तर जॉर्जच्या शौर्यापेक्षा घरभाडे आणि वाण्याचे देणे यांची जुळवाजुळव करीत दौत पुढे ओढणारी ती बाईच अधिक दिसते.

31 डिसेंबर 1862 च्या मध्यरात्रीनंतर केप हॅटेरसजवळ वादळात ‘मॉनिटर’ बुडाली. जीव वाचवताना गाठोडे कोण उचलणार? तिची जी पत्रे त्याने बोटीवर ठेवली असतील, ती तळाला गेली. जॉर्ज वाचला, आणि तसे त्याने लगेच तिला लिहून कळवले. 16 जण वाचले नाहीत. 2002 साली बोटीचा तोफखान्याचा घुमट समुद्रातून वर काढला, तेव्हा त्यात दोन सांगाडे सापडले. 8 मार्च 2013 रोजी आर्लिंग्टन येथे त्यांचे दफन झाले. नावे ठरवता आली नव्हती. त्यांनाही घरून पत्रे येतच असतील.