३ फेब्रुवारी १९१३ : अमेरिकेत प्राप्तिकराला घटनेचा आधार

अमेरिकी राज्यघटनेची सोळावी दुरुस्ती आजच्या दिवशी पुरेशा राज्यांच्या संमतीने मंजूर झाली. ४८पैकी ३६ राज्यांचा होकार हवा होता.

अडचण जुनी होती. प्रत्यक्ष कर राज्यांवर लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावा, असे मूळ घटना सांगते. म्हणजे समान लोकसंख्येच्या दोन राज्यांनी सारखीच रक्कम भरायची. मग एक श्रीमंत आणि दुसरे गरीब असले तरी! अशाने गरीब राज्यातल्या माणसावर कराचा दर जास्त बसणार, हा उघड अन्याय. याच अटीवरून १८९४चा दोन टक्के प्राप्तिकर सर्वोच्च न्यायालयाने १८९५मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. एका मताने! दुरुस्तीने मिळकतीवरील करापुरती ती वाटणीची अट काढली.

ऑक्टोबर १९१३मध्ये प्राप्तिकराचा कायदा आला. अविवाहितांना तीन हजार डॉलरपर्यंत सूट, त्यापुढे एक टक्का. बहुसंख्य कामगार, शेतकरी त्यातून सुटलेच. प्राप्तिकर विवरणपत्राचा पहिला ‘फॉर्म १०४०’ सूचनांसह अवघ्या चार पानांचा होता. तो १ मार्च १९१४पर्यंत भरायचा होता.